नमुन्यात नसलेला

दिल्लीचं पाकीट मुख्याध्यापकांच्या टेबलावर, लाखेसकट.
ते फोडायचा अधिकार मला नाही.
फोडणार बी.एड.ची एक पोरगी,
ओढणीला सेफ्टी पिन, गळ्यात निरीक्षकाचं कार्ड,
दोनदा विचारून झालं तिचं, बाई, बाथरूम कुठंय.

सहावी ब. पट बेचाळीस, हवेत तीस.
कागदावर सूत्र आहे, सूत्राप्रमाणे नंबर निघाले.
चौदा निघाला नाही. मल्लेश धोत्रे.
वर्षभर स्टाफरूममध्ये आम्ही त्याला नमुना म्हणायचो.
आज देशाचा नमुना काढताना
हा नमुना नमुन्यात नाही.

दार लागलं. वर्गशिक्षिकेने आत थांबायचं नाही.
मी व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर.
दारुखान्याकडून लोखंड कापल्याचा वास येतोय,
रोजचाच, पण आज शिकवायचं नाही म्हणून जास्त येतोय.
वगळलेले बाकीचे हॉलमध्ये कॅरमला गेले.
मल्लेश येऊन शेजारी बसला.

आत पोरं गोल भरतायत.
तीन आठवडे मी हेच शिकवलं, खोटं कशाला बोलू.
अपूर्णांक बाजूला ठेवले आणि गोल शिकवले:
पूर्ण काळा, कडेबाहेर नाही,
एका ओळीत एकच, काहीच सुचलं नाही तर क.
अंजुमने पहिल्या दिवशी सगळेच भरून टाकले होते.
रिकामे बरे दिसत नाहीत, बाई.

कायदा आधी म्हणाला, कुणाला नापास करू नका.
नाही केलं.
मग म्हणाला, पाचवीला करा, आठवीला करा.
सहावी मध्ये राहिली,
जिन्याच्या वळणावर पिशवी टेकवतात तशी.

चल, म्हटलं, तुझी परीक्षा मी घेते.
सरावपुस्तिका पर्समध्येच होती.
लोखंड बत्तीस रुपये किलो, तर साडेतीन किलोचे किती?
अ शहाण्णव, ब एकशे बारा,
क एकशे अठ्ठावीस, ड एकशे आठ.
त्याने बोटं मोजली नाहीत.
शंभर, म्हणाला.
शंभर पर्यायात नाही रे.
पण बाई, काटा पाव किलो खातो, मग राहिले एकशे चार,
आणि चार रुपये सुट्टे नाहीत, म्हणतो शेठ.
रोजच नसतात.

मी पेन उघडून बसलेली.
शंभरला गोल नव्हता.

सकाळी नंबर वाचून संपले, चौदा आला नाही,
तेव्हा मला हायसं वाटलं होतं.
क्षणभरच. शाळेचा टक्का वाचला म्हणून.
वाचनस्तराच्या रकान्यात मल्लेशपुढे
दोन वर्षं मी ‘अक्षर’ लिहितेय.
शब्द नाही. परिच्छेद तर लांबच.
टाकीच्या नळाची तोटी फिरवत तो म्हणाला,
मघाशी खूश झालात ना, बाई?
माझा नंबर नाही आला तेव्हा?

नळ बंद कर, म्हटलं. पाणी वाया जातंय.

बेल झाली. ती पोरगी गठ्ठा छातीशी धरून बाहेर आली,
तीन वेळा मोजला, सुतळी बांधली,
गाठ काही बसेना. मल्लेशने बांधून दिली,
भंगारवाल्याची गाठ, एका ओढीत सुटणारी,
नाहीतर अजिबात न सुटणारी.
मग ऑफिसपर्यंत न्यायला त्यानेच उचलला.
दोन पायऱ्या उतरून थांबला, हातात जरा झुलवला.
पावणेदोन किलो, म्हणाला,
आणि माझ्याकडे बघत राहिला, बरोबर की चूक सांगेन म्हणून.

शाळेत काटा नाही.
विज्ञानपेटीत होता एक,
तो दुरुस्तीला गेलाय,
माझी इथे बदली व्हायच्या आधीपासून.